पासंगाचा दगड

आजोबांच्या किराणा दुकानातल्या तराजूला मालाच्या पारड्यावर ठिगळ मारलेलं होतं, त्यामुळे ते पारडं जरा जड झालेलं. हिशेब बरोबर यावा म्हणून आजोबांनी वजनाच्या पारड्याकडच्या साखळीला सुतळीनं एक खडा बांधला होता. तो पासंग. पुढं कधीतरी मालाचं पारडंच बदललं, पण खडा सोडायचं राहून गेलं. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला साखर जास्तीची गेली. संध्याकाळी गल्ला मोजताना आजी जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हा खडा मला खूप वर्षांनी आठवला. तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात बसून मला बावीस वर्षं झाली. एके दिवशी ओळखीतल्या एक मावशी काउंटरपाशी आल्या. त्यांचा मुलगा गर्दच्या नादाला लागला होता, व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, काही महिने स्वच्छ होता आणि एका रात्री गेला. मावशी रडत नव्हत्या. त्यांना फक्त एक हिशेब लागत नव्हता. ‘भाऊ, आधी दिवसाला कितीतरी पुड्या ओढायचा, तेव्हा काही झालं नाही. या वेळी एकच घेतली म्हणे. एकीनं कसा गेला?’

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर सांगायचं म्हणजे नशा शरीरात नेमकं काय करते ते पहिल्यापासून सांगावं लागतं. ‘नशा वाईट’ हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यासाठी लेखाची गरज नाही. कसं आणि का, हे मात्र फार कमी घरांत माहीत असतं.

कुलूप आपलं, किल्ली परक्याची

अफूच्या बोंडाच्या चिकातून मॉर्फिन निघतं. मॉर्फिनवर थोडी रासायनिक कारागिरी केली की हेरॉइन होतं. बायर कंपनीनं १८९८ मध्ये हेच हेरॉइन खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं. आपल्याकडं रस्त्यावर विकली जाणारी गर्द किंवा ब्राऊन शुगर हे त्याचंच भेसळीचं, कच्चं रूप. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात या गर्दनं घरंच्या घरं बसवली. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते त्याच लाटेत.

आता प्रश्न असा, की एका झाडाच्या चिकानं माणसाच्या मेंदूत एवढी उलथापालथ व्हावीच का? १९७३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिलं, की मेंदूच्या पेशींवर अफूजन्य पदार्थ नेमके बसतील अशी कुलपं आहेत. पण अफूसाठी कुलपं निसर्ग कशाला करून ठेवील? म्हणजे शरीराची स्वतःची किल्ली असणारच. ती दोन वर्षांत सापडली. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूतून असे पदार्थ वेगळे केले जे मॉर्फिनसारखंच काम करतात. एंडॉर्फिन हे नाव तुम्ही ऐकलं असेल, ते याच कुळातलं.

गांजाचीही गोष्ट अशीच. त्याच्या कुलपाला बसणारी शरीराची किल्ली १९९२ मध्ये जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत सापडली आणि शोधणाऱ्यांनी तिचं नाव ठेवलं आनंदामाइड. संस्कृतातला आपला ‘आनंद’च.

थोडक्यात, नशेचा कुठलाही पदार्थ मेंदूत नवं काही आणत नाही. तिथं आधीपासून चालू असलेल्या कारभारात घुसतो आणि बनावट सही करतो. फरक प्रमाणाचा आणि वेगाचा. शरीर आपलं एंडॉर्फिन थेंबाथेंबानं सोडतं, गरज असेल तिथंच सोडतं आणि लगेच पुसून टाकतं. पुडी मात्र सगळ्या खोल्यांची दारं एकदम उघडते.

वेग महत्त्वाचा का, तर गोळी पोटातून मेंदूपर्यंत जायला अर्धा तास घेते, आणि धूर छातीत ओढला की काही सेकंदांत मेंदूत. कृती आणि फळ यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकं मेंदू ते धडे पक्के गिरवतो. याचं घरगुती उदाहरण आपल्या खिशातच असतं. तळहातावर तंबाखू चोळताना त्यात चुना कशाला? चवीसाठी नाही. चुन्यानं तोंडातली रसायनं अल्कधर्मी होतात आणि मग निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात उतरतं. रसायनशास्त्र न शिकलेल्या कुठल्यातरी माणसानं हे शोधून काढलं आणि महाराष्ट्रभर ते रुजलं. २०१६-१७च्या पाहणीत राज्यातल्या १०० प्रौढांमागे जवळजवळ २७ जण तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यात ओढणारे थोडे, चघळणारे आणि मिश्री लावणारेच फार.

आवड संपते, ओढ राहते

१९५४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. दांडी दाबली की मेंदूच्या ठराविक भागाला हलका विजेचा झटका. उंदीर दांडी दाबत सुटले, तासाला शेकड्यांनी. तेव्हा वाटलं, सुखाचं केंद्र सापडलं. पुढं लक्षात आलं, की या मार्गावर काम करणारं डोपामाइन हे रसायन सुखापेक्षा ओढीचं आहे. ‘हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा मिळव’ असा शिक्का ते मारतं. भूक लागल्यावर भाकरीवर, तहान लागल्यावर पाण्यावर, आणि आईच्या हाकेवरही.

हे कळलं की व्यसनी माणसाच्या बोलण्यातलं एक कोडं सुटतं. जुने गर्दुल्ले सांगतात, ‘मजा तर कधीच गेली, पण राहवत नाही.’ ऐकणाऱ्याला वाटतं सोंग करतोय. सोंग नसतं ते. आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिली झिजत जाते, दुसरी तासून तासून धारदार होते.

एमडी नावानं विकलं जाणारं मेफेड्रोन थेट या दुसऱ्या वाटेवर घाव घालतं. पोरं त्याला म्याव म्यावही म्हणतात. भारतात २०१५ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तरी महाराष्ट्रातच त्याचे कारखाने सापडत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर आणि इतर ठिकाणी छापे घातले, तेव्हा सापडलेल्या मालाचं वजन किलोंत नाही, टनांत मोजावं लागलं.

मेंदूच्या पेशी डोपामाइन सोडतात आणि काम झालं की एका पंपानं परत ओढून घेतात. कोकेन हा पंप बंद पाडतं. एमडी त्याहून पुढं जाऊन पंप उलटा फिरवतं, म्हणजे विहिरीत पाणी सोडायच्या मोटारीनं विहीरच शेतात ओतावी तसं. डोपामाइन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन, मेंदूतली ही तिन्ही रसायनं एकदम बाहेर. माणूस बडबडतो, नाचतो, झोप नाही, भूक नाही, जबडा इतका आवळला जातो की दात झिजतात. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतात. कातडीखालच्या नसा आकसतात, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. वरून कोंदट हॉलमध्ये तासन् तास नाच. ताप हाताबाहेर गेला की स्नायू फुटायला लागतात आणि त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. पंचविशीच्या पोराला हृदयविकाराचा झटका आला आणि घरचे म्हणाले ‘कामाचा ताण होता’, अशा कहाण्यांमध्ये कधी कधी ही पुडी असते, आणि डॉक्टरला ते कुणी सांगत नाही. उपचार चुकायला एवढं पुरे.

एमडीचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो. म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा. दोन-तीन रात्री अशा गेल्या की माणसाला भिंतीमागे कुणी बोलतंय असं वाटायला लागतं, मित्र पोलिसांचे खबरे वाटतात. मग सगळं एकदम खाली.

खडा

इथं पासंग येतो.

मेंदू हा कमालीचा हिशेबी अवयव आहे. शरीराचं तापमान, साखर, जाग-झोप, सगळं एका पातळीत ठेवायची त्याची धडपड असते. रोज कुणीतरी एका पारड्यात वजन टाकतंय हे दिसलं की तो दुसऱ्या बाजूला खडा बांधतो. बांधतो म्हणजे काय, तर कुलपंच काढून घेतो; जी उरतात त्यांची संवेदना कमी करतो; आणि पेशीच्या आत उलट दिशेची यंत्रं जोरात चालू करतो. हे हानी म्हणून नाही, दुरुस्ती म्हणून करतो. पण परिणाम असा, की कालच्या एका पुडीत जे व्हायचं त्याला आज दोन लागतात.

आता पुडी बंद करा. मालाचं पारडं रिकामं झालं, खडा मात्र तिथंच लटकतोय. काटा उलट्या बाजूला आपटतो. याला आपल्याकडं टर्की लागणं म्हणतात. टर्कीत जे जे होतं ते नशेच्या बरोबर उलटं असतं, हे एकदा नीट बघण्यासारखं आहे. गर्दनं बद्धकोष्ठ होतो, टर्कीत जुलाब. गर्दनं डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, टर्कीत त्या पसरतात. गर्दनं गुंगी, टर्कीत रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. गर्द दुखणं मारते, टर्कीत हाडं न् हाडं ठणकतात. नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो, थंडी वाजते. हे नवं आजारपण नाही, आतापर्यंत झाकून असलेला तो खडाच आहे. मेंदूच्या देठात एक निळसर ठिपका आहे, त्याचं काम माणसाला जागं आणि सावध ठेवायचं. अफू त्याला दाबून ठेवते. म्हणून तो महिनोन् महिने दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. दाब निघाला की सगळा जोर एकदम सुटतो.

हेरॉइनची टर्की शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत सुरू होते, दोन-तीन दिवस कळस गाठते आणि आठवडाभरात ओसरते. मरणप्राय वाटते, पण पाण्याचं प्रमाण सांभाळलं तर धडधाकट माणसाला ती सहसा मारत नाही.

दारूची गोष्ट वेगळी आहे आणि ती घराघरांत चुकीची समजली जाते, म्हणून जरा थांबून सांगतो. दारू मेंदूचा ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर सैल करते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूनं याच्या उलट ब्रेक सैल आणि ॲक्सिलरेटर घट्ट करून ठेवलेला असतो. सकाळी हात थरथरतात, ‘उतारा’ घेतला की थांबतात. उतारा म्हणजे औषध नव्हे, पारड्यात परत टाकलेलं वजन. आता अशा माणसाला घरच्यांनी शपथ घालून, खोलीत कोंडून, एका रात्रीत दारू बंद केली तर गाडी ब्रेकशिवाय सुटते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, माणूस कुणाला ओळखत नाही. यात जीव जातो. लोक म्हणतात ‘बाहेरचं काहीतरी झालं’, आणि देवऋष्याकडं नेण्यात नेमके ते तास जातात. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू सोडावी, जरूर सोडावी, पण डॉक्टरच्या नजरेखाली. तिथं काही दिवस औषधं देऊन खडा हळूहळू उतरवतात, आणि आधी थायमिन हे जीवनसत्त्व टोचतात. ते कमी पडलं की आठवण कायमची पुसली जाते आणि माणूस पाच मिनिटांपूर्वीचंही विसरून मधल्या जागा खोट्या गोष्टींनी भरत राहतो, तेही खोटं बोलायचा हेतू नसताना.

मालेगावकडं जिला कुत्ता गोळी म्हणतात ती, म्हणजे अल्प्राझोलाम, हाच ब्रेक दाबते, आणि तिच्याही अचानक सुटण्यानं फिट येते. माझ्या काउंटरवर ‘चिठ्ठी घरी राहिली’ म्हणून सर्वांत जास्त भांडणं याच गोळीवरून झाली आहेत. शांत झोपेसाठी म्हणून सुरू केलेल्या सत्तरीतल्या आजीबाईही भांडल्यात, फक्त पोरंच नाहीत.

मावशींचा हिशेब

आता पुडीकडं परत. मेंदूच्या देठात श्वासाचं केंद्र आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ते ‘घे श्वास’ अशी आज्ञा देतं. झोपेतही, बेशुद्धीतही. अफूची कुलपं याही केंद्रावर आहेत. हेरॉइननं ते केंद्र बहिरं होतं. कार्बन डायऑक्साइड ओरडत राहतो, कुणी ऐकत नाही. श्वास मिनिटाला बारा-पंधरावरून आठ, सहा, चार. ओठ निळे. घोरण्यासारखा आवाज, ज्याला घरचे म्हणतात ‘आज गाढ झोपलाय.’ मग तोही नाही. याच केंद्रात गांजाची कुलपं अगदी थोडी आहेत. गांजानं श्वास थांबून माणूस मेल्याचं जवळजवळ ऐकिवात नसतं ते त्यामुळे. गांजा निरुपद्रवी असल्याचा हा पुरावा मात्र नव्हे. विशीच्या आत रोज ओढणाऱ्या आणि घरात मानसिक आजाराचा इतिहास असलेल्या पोरांत तो वेडाचे झटके ओढून आणू शकतो.

रोज ओढणाऱ्याचं श्वासकेंद्र खड्यामुळे तरून जात असतं. तोच माणूस तीन-चार महिने केंद्रात राहतो. खडा विरघळतो. ही चांगली गोष्ट, बरं होणं म्हणतात ते हेच. पण ओढीची आठवण विरघळलेली नसते, आणि हाताला जुनं माप माहीत असतं. एके रात्री जुनं माप रिकाम्या तराजूवर पडतं. त्याला सवयीचं असलेलं वजन आता एखाद्या नवख्याला मारील तेवढं झालेलं असतं. मावशींचा मुलगा जास्त घेऊन गेला नाही. पूर्वीच्या मानानं कमी घेऊनच गेला.

याला आणखी एक पदर आहे, आणि तो मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना ठराविक खोलीत हेरॉइनची सवय लावली, मात्रा चढवत नेली. मग सगळ्यांना एक मोठी मात्रा दिली. निम्म्यांना त्याच ओळखीच्या खोलीत, निम्म्यांना वेगळ्या खोलीत. ज्यांनी कधीच हेरॉइन घेतलं नव्हतं असे उंदीर १०० पैकी ९६ या प्रमाणात मेले. ओळखीच्या खोलीत ३२. आणि अनोळखी खोलीत, तेच सवयीचे उंदीर, तीच मात्रा असताना, ६४.

म्हणजे खडा कायम बांधलेला नसतो. काही भाग मेंदू ऐनवेळी बांधतो. तीच गल्ली, तोच जिना, तीच पन्नी आणि काडेपेटीचा आवाज आला की तो समजतो, वजन येतंय, आणि ते येण्याआधीच दुसऱ्या बाजूला जोर लावतो. अनोळखी जागी त्याला सूचनाच मिळत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. पुडी न घेता नुसतं त्या गल्लीतून गेलं तरी मेंदू खडा बांधून मोकळा होतो. वजन येत नाही. काटा आपटतो. वर्षभर स्वच्छ असलेला माणूस रिक्षातून जुन्या नाक्यावरून जातो आणि त्याच्या अंगावर काटा येतो, पोटात मुरडा येतो, नाक वाहतं. लोक म्हणतात मनाचा कच्चा. त्याचं मन नाही, देठ बोलतोय. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला, तेव्हा मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यातले फारच थोडे पुन्हा व्यसनात अडकलेले आढळले. त्यामागं बरीच कारणं आहेत, पण एक उघड आहे: त्यांची गल्ली, जिना आणि नाका हजारो मैलांवर मागं राहिला होता. आपल्याकडं उपचारानंतर मुलाला त्याच खोलीत, त्याच मित्रांच्या तावडीत आणून सोडतात आणि वर ‘आता मनावर घे’ असं सांगतात.

ज्याला पासंग नाही

सगळी नशा या तराजूच्या हिशेबात बसत नाही. रेल्वे फलाटावरची लहान पोरं रुमालात पंक्चरचं सोल्यूशन, थिनर किंवा व्हाइटनर टाकून हुंगतात. यातलं टोल्युइनसारखं द्रावक चरबी विरघळवतं. रंगाच्या डब्यात त्याचं कामच ते. मेंदूतल्या तारांवर चरबीचं वेष्टण असतं, जसं विजेच्या तारेवर प्लास्टिक. द्रावक तिथंही तेच काम करतं. हळूहळू चाल अडखळते, हात थरथरतो, नजर आणि ऐकू येणं मंदावतं. शिवाय हुंगल्यावर हृदय ॲड्रेनॅलिनला इतकं हळवं होतं, की कुणी हटकलं आणि पोरगं दचकून पळालं तर ठोक्यांची लय बिघडून ते जागीच पडू शकतं, कधी कधी अगदी पहिल्याच वेळी. एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा निघाला, जो मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. ४.६ लाख मुलांना यासाठी उपचारांची गरज असल्याचा अंदाज तिथं दिला आहे. त्यांना अडवताना ओरडत मागं धावू नये, एवढं तरी लक्षात ठेवता येईल.

सुईचं शरीरावर होणारं नुकसान बहुतेकांना माहीत असतं: एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, आणि घाणेरड्या सुईतले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपांवर जाऊन बसणं. दारूचं यकृताशी असलेलं वैरही सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात मी शिरत नाही. हातभट्टीबद्दल एकच. त्यात मेथेनॉल मिसळलं तर शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं, मुंगीच्या दंशात असतं तेच, आणि ते डोळ्यांच्या नसा जाळतं. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं अशी गेली.

खडा सुटतो का? सुटतो, पण वेगवेगळ्या गाठी वेगवेगळ्या वेळी. टर्की आठवड्यात जाते. चव परत यायला महिने लागतात. त्या काळात दिवाळीचा फराळही पुठ्ठ्यासारखा लागतो, लेकराला उचलून घेतलं तरी आत काही हलत नाही, आणि माणूस ते कुणाला सांगू शकत नाही. मेथॲम्फेटामाइन या एमडीच्या चुलतभावाच्या व्यसनातून बाहेर पडलेल्यांच्या मेंदूच्या प्रतिमा नोरा वोल्कोव यांच्या गटानं २००१ मध्ये प्रसिद्ध केल्या. वर्षभराहून जास्त काळ दूर राहिल्यावर ते डोपामाइनचे पंप बरेचसे भरून आले होते, पण स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत माणसं अजून मागंच होती. विशीच्या आत सुरुवात केलेल्याचं काम अधिक अवघड, कारण कपाळामागचा, ‘थांब, विचार कर’ म्हणणारा मेंदू पंचविशीपर्यंत तयारच होत असतो.

गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली देतात. ती त्याच कुलपात बसते, पण अर्धीच फिरते. टर्की थांबते, श्वास सहसा दबत नाही, आणि वरून गर्द घेतली तरी कुलूप अडलेलं असतं. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असं म्हणणारे नातेवाईक मी रोज बघतो. त्यांना मी विचारतो, मधुमेहाच्या माणसाला रोज गोळी घेतो म्हणून कुणी व्यसनी म्हणतं का? पटतंच असं नाही. पण स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसाला १९८५च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देतं हे सांगितलं, की निदान खुर्ची ओढून बसतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय नंबर मी पावतीच्या मागं लिहून देतो.

आणि मावशींच्या प्रश्नानंतर एक गोष्ट मी केंद्रातून मुलाला घरी आणणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागलो. घरी आलेला मुलगा पूर्वीपेक्षा नाजूक तराजू घेऊन आलाय. कधी तो घोरत, निळ्या ओठांनी सापडला, तर ‘झोपू दे’ म्हणू नका. हलवा, हाक मारा, कुशीवर वळवा म्हणजे उलटी श्वासनळीत जाणार नाही, १०८ला फोन करा आणि काय घेतलं ते खरं सांगा. दवाखान्यात नॅलोक्सोन टोचतात. ते कुलपातून हेरॉइनला ढकलून स्वतः बसतं आणि दोन-तीन मिनिटांत मेलेला वाटणारा मुलगा डोळे उघडतो, उठून बसतो, चिडतो, घरी जायचं म्हणतो. घरच्यांना देव पावल्यासारखं वाटतं आणि ते चपला शोधायला लागतात. तेव्हा न्यायचं नाही. नॅलोक्सोन तासा-दीड तासात उतरतं, पुडी त्यानंतरही रक्तात असू शकते. रिकामी झालेली कुलपं तिला पुन्हा मिळतात, आणि त्या वेळी मुलगा रिक्षात असेल तर मागच्या सीटवर तो परत गाढ झोपल्यासारखा दिसेल.